बटणावरचं कुंकू

मित्रांनो, मला ओळखायचं असेल तर माझ्या तोंडाकडे बघू नका. उजेडाकडे काय, सगळेच बघतात. मला उलटा धरा. शेपटीशी एक काळं, रबरी, अंगठ्याच्या पेराएवढं बटण दिसेल. त्याचा मधला भाग झिजून गुळगुळीत झालाय आणि कडा अजून खरबरीत आहेत. तो गुळगुळीत भाग ही माझी आयुष्याची कमाई. मी एक जुना टॉर्च आहे, चाकणपट्ट्यात निघोज्याजवळच्या एका कंपनीच्या सुरक्षा विभागात नोकरीला. मला भंगारात टाकायचं ठरलं होतं, आणि तरी मी आज तुमच्याशी बोलतोय, ते केवळ या बटणामुळे. नाही, थांबा. या बटणाला त्या दिवशी कुंकू लागलं नाही म्हणून.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमच्या गजातून लेथवर मला कातून काढलं. घामेजल्या हातातून सुटू नये म्हणून अंगावर बारीक चौकटींच्या खाचा पाडल्या, वर काळा मुलामा चढवला. पोटात चार्ज होणारा सेल, डोक्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा दिवा. आणि सगळ्यात शेवटी हे बटण. बसवणाऱ्या बाईने मला मुठीत धरलं आणि अंगठा हलकेच टेकवला. मी लागलो. अंगठा उचलला, मी विझलो. पुन्हा टेकवला, पुन्हा लागलो. मग तिने बटण पूर्ण दाबलं, टक् असा आवाज आला, आणि तिने हात काढला तरी मी लागून राहिलो. ती समाधानाने "हं" म्हणाली. मला तेवढ्यावरच कळलं की मी कोण आहे. अर्धं दाबलं तर दाबून ठेवाल तेवढाच उजेड. पूर्ण दाबलं तर तुम्ही विझवेपर्यंत. यापलीकडे मला काहीही येत नाही, आणि ज्याला दोनच गोष्टी येतात त्याची धांदल उडत नाही.

माझ्या खोक्यावर ‘टॅक्टिकल टॉर्च’ असं छापलं होतं. भारदस्त शब्द आहे. अर्थ एवढाच, की संकटात हाताला लागताच, बघावं न लागता, लागला पाहिजे.

कंपनीत मी वर्षालीच्या पट्ट्याला लटकलो. वर्षाली सोलापूरकडची, सुरक्षा विभागात राऊंडवर. त्याआधी ती एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेस चालवायची. तिथे तिच्या उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची पेरं गेली. ती त्याबद्दल कुणाला काही सांगत नाही, आणि कुणी विचारलंच तर म्हणते, "उरलेली आठ शाबूत आहेत, तुम्ही आपल्या दहांचं बघा." अशा हातात वस्तू धरायची म्हणजे मूठच वळावी लागते. मी तिच्या मुठीत उलटा बसायचो, आणि अंगठा आपोआप माझ्या शेपटीवर यायचा. जणू त्या भोसरीच्या बाईने माप घेऊन मला केलं होतं.

पट्ट्याला लटकून माणसं फार छान दिसतात, मित्रांनो. चेहऱ्याने माणूस काहीही दाखवू शकतो, पण टॉर्च धरायच्या पद्धतीत सगळा जमाखर्च उघडा पडतो. काही जण बघायला टॉर्च लावतात, काही जण दिसायला. काही जण तो समोरच्याच्या तोंडावर मारतात. त्यांच्या घरी त्यांचं कुणी ऐकत नसतं, असा माझा आपला हिशेब. वर्षाली अर्ध्या दाबाची. हवा तिथे उजेड, झालं की अंधार. पार्किंगमध्ये, गोदामात, कुंपणाच्या कडेने आम्ही दोघं हिंडायचो. गळका नळ, उघडं राहिलेलं शटर, गाडीखाली झोपलेली मांजर, सगळं आमच्या नावावर जमा. एकदा मोठ्या साहेबांनी "व्हेरी गुड" म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं होतं. निदान मला तरी ते माझ्याकडेच वाटलं.

मग दिग्विजय आला.

दिग्विजय रावेतला राहणारा, आमचा नवा सुरक्षा अधिकारी. आधी हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत होता. तिथल्या ट्रॅफिकमध्ये कॅब अडकली की माणसं गाणी ऐकतात. हा मोबाइलवर टॉर्चची तुलना बघायचा. कुठल्या टॉर्चचा झोत किती लांब, कुठला पाण्यात टाकला तरी चालतो, कुणाचं बटण कुठे. आवड म्हणजे आवड, त्यात मी खोट काढणार नाही. टॉर्चवर इतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि नेमका तोच मला भंगारात काढायला आला होता.

त्याने आणलेल्या नव्या टॉर्चचे दोन प्रकार होते. एक बगलबटणवाला, म्हणजे बटण बरगडीवर, गुळगुळीत धातूचं. एकदा दाबा, लागतो. दाबून धरा, उजेड कमीजास्त होतो. दोनदा दाबा, डोळे दिपवणारा झोत. तीनदा दाबा, तर असा लपलपतो की समोरच्याला भोवळ यावी. दुसरा कडीवाला. त्याच्या मानेभोवती एक कडी, ती फिरवली की मंद, मध्यम, प्रखर. दोघं दिसायला असे देखणे, की मी पट्ट्याला लटकल्या लटकल्या पोट आत घेतलं.

दिग्विजय म्हणाला, परीक्षा घेऊ. जेवणाच्या सुट्टीत सगळा सुरक्षा विभाग प्रेस शॉपच्या भुयारात उतरला.

हे भुयार तुम्हाला समजायला हवं. प्रेस शॉपमध्ये घराएवढी यंत्रं पत्रा ठोकून गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट बनवतात. उरलेले पत्र्याचे तुकडे जमिनीखाली पडतात आणि भुयारातला रुंद पट्टा ते बाहेर वाहून नेतो. पट्ट्याच्या कडेने चालायची वाट आहे. पुढे वळण. वळणापलीकडे तेल आणि पाणी साचायचा खोल खड्डा, त्यावर लोखंडी जाळी. दिवे घालवले की तिथे स्वतःचा हात दिसत नाही. टॉर्चच्या परीक्षेला याहून छान शाळा नाही.

नियम सोपा. हातात मोजे, डोळे मिटलेले, टॉर्च कमरेच्या पट्ट्याला. दिग्विजय विचारणार "कोण आहे तिकडे?" आणि वाक्य संपायच्या आत समोरच्या भिंतीवर उजेड पडला पाहिजे.

पहिले ज्योतीरामकाका, विभागातले सगळ्यात वडीलधारे, लातूरकडचे. हातात बगलबटणवाला. मोजा जाड, बटण गुळगुळीत. घाईत त्यांनी ते तीनदा दाबलं आणि सगळं भुयार लपलपायला लागलं.

"काका, गणपतीची मिरवणूक संपली," कुणीतरी ओरडलं.

"आरं, बंद कसं करायचं ते सांगा की," काका डोळ्यांवर हात धरून म्हणाले. "मलाच चक्कर यायलीय. चोर येईल तवा येईल, आधी मला धरा."

पण खरं ते खरं. नीट लागल्यावर त्या टॉर्चने भुयाराचं पार वळणापर्यंतचं टोक असं उजळलं, की भिंतीवरचे जुने ओघळ मोजता आले असते. माझा उजेड त्याच्यापुढे कंदिलासारखा. मोठेपणाच्या रकान्यात मी तिथेच हरलो, मान्य केलं. कडीवाल्याचंही तसंच, कडी सापडली की कारभार राजेशाही, पण आधी कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवावं लागतं.

वर्षालीला बगलबटणवाला दिला. तिने मूठ वळली, अंगठा बटण शोधायला बरगडीवर गेला, आणि पकड सुटली. टॉर्च टणटणत पट्ट्याखाली गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कुणी हसलं नाही, आणि ते तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं. मग तिने मला काढलं. दिग्विजय "कोण" म्हणाला, "आहे" म्हणायच्या आत मी भिंतीवर होतो.

"क्या बात है," दिग्विजय म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "पण ताई, एका ठिकाणी तऱ्हेतऱ्हेचे टॉर्च ठेवता येत नाहीत. चार्जर वेगळे, सेल वेगळे, ऐन वेळी घोळ. दसऱ्यानंतर राऊंडला सगळ्यांना नवे. ज्यांना जमणार नाही, त्यांना गेटवर घेऊ, पाहुण्यांचे पास बनवायला."

"मला बसून राहायला जमत नाही, सर."

"खुर्ची गादीची आहे, ताई."

"म्हणूनच तर."

दिग्विजय ओशाळून हसला. "दसऱ्यापर्यंत सराव करा. जमलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही."

आता बघा, तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण वर्षालीचा राऊंड म्हणजे तिच्या हाताने परत मिळवलेली जागा होती. त्या वर्कशॉपनंतर कित्येकांनी तिला सांगितलं होतं, आता बसून करायचं काहीतरी बघ. ती बसली नाही. ती चालत राहिली, आणि मी तिच्यासोबत. दसऱ्यानंतर मी भंगारात आणि ती गादीच्या खुर्चीत, असं आमचं दोघांचं एकदमच ठरत होतं. ती रोज सराव करायची. मोजा घालून, मोजा काढून, टॉर्चला रबर गुंडाळून. कधी जमायचं, बहुतेकदा नाही. संध्याकाळी सवयीने मला चार्जिंगला लावायची. मला वाटायचं, ही बाई ज्याला रजा द्यायची त्यालाही जेवू घालते.

आणि खंडेनवमी उजाडली.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये या दिवशी जे होतं ते इतर कुठे होत असेल तर मला सांगा. यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालून नटतात. पान्यांना, हातोड्यांना, रोबोटच्या हातालाही हळदकुंकू लागतं. नारळ फुटतात. कामगारांच्या घरची माणसं कंपनी बघायला येतात, आणि ज्या प्रेसचं नाव वर्षभर नुसतं ऐकलं ती प्रत्यक्ष बघून "एवढी मोठी होय" म्हणतात. दुपारी यंत्रं शांत, मुख्य पुरवठा बंद, आणि सगळे दसऱ्याच्या सुट्टीला.

सुरक्षा विभागाच्या टेबलावर लाल कापड अंथरलं. दिग्विजयने नवे टॉर्च ओळीने मांडले. मांडणी अशी, की नवरदेवांची वरात बसलीय. वर्षालीने पूजेचं ताट घेतलं. सगळ्यांत जास्त उत्साह तिलाच होता. मनात कदाचित असंही असेल, की पूजा करते, आता तरी माझ्या हातात बसा. कुंकवात नारळाचं पाणी घालून तिने दाटसर लेप केला, आणि कुंकू लावायचं ते कुठे? टॉर्चला कपाळ कुठलं? वर्षालीने बघितलं, आणि तिला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं तिथे लावलं. बटणावर. चांगलं दाबून. कडीवाल्यांच्या मानेला हळद माखली आणि वर पिवळा दोरा गच्च बांधला. सगळ्यांवर नारळाचं पाणी शिंपडलं. दिग्विजयने फोटो काढला. "एक नंबर," तो म्हणाला.

मग तिने मला उचललं.

"ताई, ह्ये तर भंगारात जायलंय," ज्योतीरामकाका म्हणाले. "ह्याला कशाला नटवायलाव?"

वर्षाली क्षणभर घुटमळली. टेबलावर जागाही नव्हती. तिने मला जुन्या हेल्मेटच्या खोक्यात ठेवलं, जिन्याजवळच्या फळीवर. मित्रांनो, मी आयुष्यात कधी रुसलो नाही, तो त्या दिवशी रुसलो. त्या चकचकीत पोरांनी एकही अंधार पाहिला नाही, आणि त्यांना माळा. मला साधा कुंकवाचा ठिपकाही नाही.

खोक्यातून सगळं दिसत होतं. दादू आला, निघोज्याचाच, मोठ्या प्रेसवरचा ऑपरेटर. सोबत त्याची आई रतनबाई. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात स्वतःचं स्टीलचं ताट, त्यात हळदकुंकू आणि दोन झेंडूची फुलं. ऐकायला फार कमी येतं, त्यामुळे ती बोलते मोठ्याने आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याच्या फंदात पडत नाही. या कंपनीची जमीन कधीकाळी त्यांचीच होती. दादू जिथे प्रेस चालवतो, तिथे ती बाजरी काढायची.

"आमची हीर कुटं हाय रं?" तिने ज्योतीरामकाकांना विचारलं. "तिची बी पूजा करायची हाय. हातियाराची करता, मंग पान्याची नगं का?"

काका चहा पीत होते. त्यांनी हसून खालच्या दिशेने बोट दाखवलं. "विहीर खालीच असंल की आजी, वर कशी असंल."

शब्द तिला ऐकू गेले नसतील. बोट मात्र दिसलं.

दुपार झाली. मुख्य पुरवठा बंद झाला, शेडमध्ये उंच काचांतून येईल तेवढाच उजेड उरला. बसेस लागल्या. तेवढ्यात दादू धावत आला.

"ताई, आई कुटं दिसली का? बसमदी न्हाई, गेटवर न्हाई. ऐकू येत न्हाई तिला, हाका मारून उपेग न्हाई."

ज्योतीरामकाकांच्या हातातला कप तसाच राहिला. "आरं देवा," ते म्हणाले. "मी खाली बोट दावलं तिला. चेष्टेत."

वर्षाली जिन्याकडे धावली. भुयाराच्या पहिल्या पायरीवर कुंकवाची बोटं उठलेली होती. दुसऱ्या पायरीवर झेंडूची पाकळी. आणि त्याखाली नुसता काळोख.

दिग्विजयचा चेहरा उतरला. "खड्ड्यावरची जाळी काढलीय," तो म्हणाला. "सुट्टीत साफसफाई आहे म्हणून."

"दिवं लावा की मंग," दादू म्हणाला.

"नको. भुयारातले दिवे आणि पट्टा एकाच खटक्यावर आहेत. पट्टा चालू झाला आणि आजी त्याच्यावर असल्या तर?" ते त्याचं बरोबरच होतं. अशा वेळी डोकं ठिकाणावर ठेवणारा माणूस मोलाचा. "टॉर्च घ्या सगळे. चला."

सगळ्यांनी टेबलावर झडप घातली. आणि मित्रांनो, मी खोक्यातून ऐकत होतो: एकही टक् नाही. दिग्विजय बटण दाबतोय, ते हलत नाही. नारळपाण्यातलं कुंकू बटणाभोवतीच्या फटीत उतरलं होतं आणि सकाळपासून वाळून पाकासारखं घट्ट बसलं होतं. नखाने खरवडलं, लाल भुकटी उडाली, बटण तिथेच. काकांनी कडीवाला घेतला. गच्च दोरा आणि खाचेत हळदीचा गिलावा, कडी जागची हलेना. दुसरा, तिसरा, तीच गत. पूजेतून एकही सुटला नव्हता, आणि बाकीच्यांचे जुने टॉर्च आधीच भंगारात जमा झाले होते. मोबाइल म्हणाल, तर फोटो काढायला बंदी म्हणून सगळ्यांचे गेटवरच्या कपाटात. एकट्या दिग्विजयकडे होता, आणि त्याचा उजेड पायरीपुरता.

वर्षाली वळली. तिने फळीवरच्या खोक्यात हात घातला, आणि मूठ वळली.

मी लागलो.

मला काय झालं म्हणून सांगू. नुकत्याच बसवलेल्या बटणासारखा मी थरारलो. आम्ही उतरलो. पुढे वर्षाली, तिच्या पायाशी मोबाइलचा उजेड धरत दिग्विजय, मागे दादू "आये, ए आये" ओरडत. भुयार त्याची हाक त्यालाच परत करत होतं. वळणापर्यंत कुणी नाही. वळणापलीकडे माझा झोत जाऊ शकत नाही; सरळ जाणं हा उजेडाचा स्वभावच आहे.

वर्षाली थांबली. तिने मला समोरच्या भिंतीवर धरलं आणि अंगठा हलकेच टेकवला, उचलला. टेकवला, उचलला. झप, झप, झप.

"काय करताय?" दिग्विजय कुजबुजला.

"हाक मारतेय, सर."

दादूला एकदम आठवलं. "हिरीवरून बा असाच बॅटरी झपझप करायचा," तो म्हणाला. "घरी आईला कळायचं, पानी चालू झालं."

आणि वळणापलीकडच्या भिंतीवर काहीतरी चमकलं. गेलं. पुन्हा चमकलं. रतनबाई आपलं स्टीलचं ताट वर धरून हलवत होती, आणि माझाच उजेड मला परत पाठवत होती. आजवर मी पुष्कळ दारं, कुलपं आणि मांजरी उजळल्या, पण मला उत्तर कुणी दिलं नव्हतं.

आम्ही वळण ओलांडलं. ती दिसली, पट्ट्याच्या कडेला, हसत, ताट छातीशी धरून. दादूला बघून तिला धीर आला आणि ती उजेडाच्या रोखाने चालायला लागली. तिच्या आणि आमच्या मध्ये उघडा खड्डा होता; दिवे असताना ती भिंतीच्या कडेने, खाली न बघताच पलीकडे गेली असावी. तिची नजर माझ्यावर. खाली नाही.

"आये, थांब," दादू किंचाळला. तिने हात हलवला आणि आणखी एक पाऊल टाकलं.

वर्षालीने अंगठा उचलला.

काळाकुट्ट अंधार. "ताई, उजेड," दादूचा आवाज फुटला.

"गप्प राहा," वर्षाली म्हणाली.

चपलेचा चट् असा एक आवाज आला. मग दुसरा नाही. आयुष्यभर शेतात वावरलेली बाई. अंधारात पाऊल टाकायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती जिथल्या तिथे थबकली.

आता अंगठा पुन्हा टेकला, पण माझं तोंड खाली होतं. खड्ड्याच्या कडेवर उजेड पडला. विझला. पुन्हा त्याच कडेवर पडला. रतनबाईने मान खाली घातली आणि आपल्या पायापुढचं काळं तेल बघितलं.

"अगं बया," ती म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकली.

टक्. आता मी लागून राहिलो. दादू कडेकडेने गेला आणि आईला हाताला धरून घेऊन आला.

येता येता तिची बडबड चालूच. "कंपनीनं हीर बुजवली आसं सांगत व्हते. बुजवली कुटं? नुसती त्येलाची केलीया." दादू रडत होता की हसत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

वर आल्यावर दिग्विजय खुर्चीवर बसला आणि त्याने एक बगलबटणवाला दात कोरायच्या काडीने साफ केला. वाळलेला लेप निघाला, बटण दबलं, टॉर्च झगझगीत लागला. "पाणी आत शिरलेलं नाही बरं का," तो बारीक आवाजात म्हणाला. आवड म्हणजे आवड.

"सर, कुंकू मीच लावलं होतं," वर्षाली म्हणाली. "दाबून."

"आणि मी काय केलं? फोटो काढला. एक नंबर म्हणालो." त्याने मला तिच्या हातातून घेतलं, अर्धं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, सोडलं. "ताई, हा बंद झाला म्हणून त्या थांबल्या. नव्यांपैकी एखादा असता, तर घाईत बंद करायला गेलो असतो आणि काकांसारखी मिरवणूक निघाली असती." त्याने मला तिच्या हातात परत दिलं. "लांबवर बघायला नवेच. ते गेटला आणि पार्किंगला. राऊंडला शेपटीचं बटण. जे नवीन मागवू, तेही असंच. आणि राऊंड तुमचाच."

"मग गादीच्या खुर्चीत कोण बसणार?" वर्षालीने विचारलं.

"मी बसतो की," ज्योतीरामकाका म्हणाले. "माझं बोट आता कुठंच दावणार न्हाई मी. नुसतं पास फाडतो."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पूजा जरूर करा. आम्हाला वर्षातून एकदा कुणी पुसतं, फूल वाहतं, आमचं नाव घेतं, त्याचं सुख तुम्हाला कळणार नाही. पण आम्ही ज्या जागेवर काम करतो ती जागा मोकळी सोडा. बटण, कडी, फट, खाच, यांना कुंकू नको, कोरडं फडकं हवं. आणि जुनी वस्तू खोक्यात टाकण्याआधी तिला एकदा हातात धरून बघा. तिला काय येत नाही याची यादी मोठीच असते. काय येतं, ते मूठ वळल्यावरच कळतं.

बसमध्ये चढण्यापूर्वी रतनबाई परत फिरली. ताटात अजून कुंकू होतं. विहीर तर तिला भेटली नव्हती.

"ती बॅटरी आन गं हिकडं," ती वर्षालीला म्हणाली. "तिला कुनीच लावलं न्हाई."

वर्षालीने मला पुढे केलं. रतनबाईचं बोट कुंकवात बुडलं आणि माझ्याकडे आलं, तेव्हा वर्षालीने माझ्या शेपटीवर आपला अंगठा ठेवला, बटण पूर्ण झाकलं, आणि मग म्हणाली, "लावा आजी."